‘पावणो’ : दोन इरली, एक बाकडे आणि केसरबाईंची भैरवी

सभागृहात काळोख होतो, झांजेचा एकच ठोका पडतो आणि विंगेतून दोन माणसे एकमेकांवर पालथी घातलेली दोन इरली उचलून आणतात. पावसात लावणी करताना डोक्यापाठीवर घेतात तीच ही इरली, बांबूच्या कामट्यांची आणि पानांची. दोन्हींच्या मधल्या फटीतून आत लावलेल्या दिव्यांच्या माळेचा निळसर उजेड झिरपत असतो. पेटीवर खर्ज धरला जातो, वरचे इरले तिसरीच्या शिंपल्यासारखे हळूहळू उघडते आणि आतून एक काळी, उंच आकृती उभी राहते. परग्रहावरून आलेले यान पृथ्वीवर उतरले, एवढी गोष्ट या अर्ध्या मिनिटात सांगून होते. पहिल्यांदा इरली दिसताच प्रेक्षक खळखळून हसले, पण इरले उघडू लागले तसे हसू थांबले आणि माझ्या पुढच्या रांगेतील मुले खुर्चीवर उभी राहिली.

एक विनोदी विज्ञान-संगीतिका या मोसमात सिंधुदुर्गातील लहान गावांतून प्रयोग करीत फिरते आहे. तिला एकच एक ठरलेले नाव नाही. ज्या गावात प्रयोग असेल त्या गावाचे नाव जोडून दारातील फळ्यावर खडूने ‘आचऱ्याचो पावणो’ किंवा ‘देवबागचो पावणो’ असे लिहिले जाते. म्हणून मी तिला नुसते ‘पावणो’ म्हणते. सात कलावंत आणि एक पिकअप गाडी एवढाच या मंडळींचा संसार आहे. जाहिरातीत ते कोणाचेही नाव छापत नाहीत, त्यामुळे मीही येथे भूमिकांवरूनच लिहिणार आहे. मी दोन प्रयोग पाहिले, पहिला वेंगुर्ले तालुक्यातील एका शाळेच्या सभागृहात आणि दुसरा आचऱ्याच्या बाजूला एका वाडीत, देवळासमोर घातलेल्या मांडवात. मालवणात मामा वरेरकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे, रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह आहे. पण मुंबईची नाटके फार तर तिथवर येतात आणि तिथून परततात. हे नाटक त्याच्या पुढच्या रस्त्यावर, वाड्यांकडे जाणारे आहे आणि त्याचे मोल ठरवताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

नाटकाची कल्पना एका खऱ्या घटनेवर उभी आहे आणि ती घटना आपल्या इतक्या जवळची आहे की आजवर कोणी तिच्यावर नाटक कसे केले नाही याचे मला नवल वाटले. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९७७ मध्ये व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली. वाटेत कोणी भेटलेच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून त्या तबकडीवर संगीताचे २७ नमुने आणि ५५ भाषांतील अभिवादने मुद्रित केली आहेत. त्या ५५ भाषांत मराठी आहे. त्या २७ नमुन्यांत सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची चीज आहे. केसरबाई फोंडा तालुक्यातील केरी गावच्या, म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याहून गाडीने दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या. नाटकातील पावण्याला ही तबकडी सापडली आहे, हा आवाज कोणाचा याचा शोध घेत तो कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आहे आणि तबकडीवरून शिकलेले अभिवादनाचे एक मराठी वाक्य सोडले तर त्याला आपली कोणतीही भाषा येत नाही.

तो उतरतो ती नेमकी जत्रेची रात्र असते. गावात दशावतारी कंपनीची वाट पाहणे चालू आहे, कंपनीची गाडी घाटात अडकली आहे आणि मानकरी हवालदिल झाले आहेत. अशा वेळी अंधारातून एक काळा अंगरखा घातलेला इसम पुढे येतो. मानकरी त्याला निरखून विचारतात, “खंयच्या कंपनीचो रे तू?” त्यावर पावणा हात जोडून आपले शुद्ध मराठी वाक्य म्हणतो, पृथ्वीवरील लोकांच्या शुभेच्छांचे, अत्यंत सावकाश आणि एकेका अक्षरावर जोर देत. मानकरी शेजाऱ्याकडे वळून सांगतात, “ह्येचा पाठांतर बरा आसा, पण मालवणी येणा नाय.” एवढ्यावर त्याची संकासुराच्या भूमिकेसाठी निवड होते.

दशावताराशी, म्हणजे जत्रेत रात्री होणाऱ्या कोकणच्या या लोकनाट्याशी, ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे थांबून सांगायला हवे. रात्रीच्या मुख्य आख्यानापूर्वी आडदशावतार होतो, त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते आणि मग काळ्या वेषातला, लांब जिभेचा संकासूर येतो. तो वेद पळवणारा असुर आहे, पण बोलतो मालवणीत, गावातल्यांची नावे घेऊन चेष्टा करतो आणि मुले त्याला घाबरता घाबरता त्याच्यावरच सर्वांत अधिक जीव लावतात. शेवटी विष्णू त्याचे पारिपत्य करतो. आता या जागी पावण्याला उभे केल्यावर काय होते ते पाहा. संकासुराने वेद पळवले म्हणजे या जगाचा नाद उचलून नेला. हा काळ्या अंगरख्यातला परका मात्र आपलाच हरवलेला नाद परत घेऊन आलेला आहे आणि गाव त्याला चोराची भूमिका देते. नाटक हे कोणाच्याही तोंडून वदवीत नाही. पावण्याच्या हातात तबकडी असते, विष्णूचे सोंग घेतलेला गडी ती ‘वेद’ समजून त्याच्याकडून हिसकावतो, पावणा मुकाट्याने ती देऊन टाकतो आणि पुन्हा हात जोडतो. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा, ज्यांनी साठ-सत्तर वर्षे जत्रा पाहिल्या असतील, तेवढ्या वेळात हळूच म्हणाले, “हो आमचोच वाटता.” लेखकाला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

ती तबकडी जवळून पाहण्यासारखी आहे. ते देवपूजेचे पितळी तबक आहे, आमसुलाने घासून लख्ख केलेले, आणि त्याच्या पाठीवर खिळ्याने ठोकून रेघा काढल्या आहेत. खऱ्या तबकडीच्या वेष्टनावर ती कशी वाजवावी हे सांगणारी चित्रे कोरलेली आहेत, त्यांचा हा घरगुती अनुवाद आहे. प्रकाशाचा झोत त्यावर पडला की परावर्तित उजेडाचे वर्तुळ प्रेक्षकांच्या तोंडांवरून फिरत जाते. या वर्तुळाचा उपयोग दिग्दर्शकाने फार विचाराने केला आहे. पावणा ज्याच्याकडे तबक वळवतो त्याच्यावर उजेड पडतो आणि तो क्षणभर बोलायचा थांबतो. भाड्याने आणलेल्या महागड्या दिव्यांनी जे साधले नसते ते एका टॉर्चने आणि एका तबकाने साधले आहे.

नेपथ्य म्हणजे एक बाकडे. दशावतारातही तेच असते, तेच सिंहासन, तोच रथ आणि तोच पर्वत. येथे ते होडी होते, शाळा होते, यानाची चालकाची जागा होते. बाकडे मंडळी बरोबर आणत नाहीत, ज्या गावात प्रयोग असेल त्या गावाकडून मागून घेतात. वेंगुर्ल्याच्या प्रयोगात शाळेचे बाकडे होते आणि त्याच्यावर कोणा विद्यार्थ्याने करकटकाने कोरलेली दोन अक्षरे पावण्याने बोट फिरवून वाचण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सभागृह दणाणून गेले. नाटकात लिहिलेली नसलेली ही जागा नटाने तिथल्या तिथे शोधली होती. संहितेविना उभे राहून संवाद रचण्याची दशावतारी नटांची जी परंपरा आहे, तिचा हात या मंडळींच्या पाठीवर आहे हे अशा वेळी जाणवते.

विज्ञानाच्या बाजूने मी थोडी साशंक होऊन गेले होते. व्हॉयेजर-१ आज पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरांहून अधिक दूर आहे, पण प्रकाशाला हे अंतर कापायला जेमतेम एक दिवस लागतो आणि सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. यान दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास जायला सुमारे ४०,००० वर्षे लागतील. मग दुसऱ्या ताऱ्याकडच्या कोणाला ती तबकडी आजच कशी सापडली? विनोदी नाटक आहे म्हणून हा प्रश्न सोडून दिला असता तरी कोणी तक्रार केली नसती. लेखकाने तो सोडलेला नाही. गावातील विज्ञानाच्या बाई हाच प्रश्न पावण्याला खडूने फळ्यावर आकडे मांडून विचारतात आणि पावणा उत्तरादाखल रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून मोठे जाळे ओढण्याचा, अभिनय करतो. तो आणि त्याचे लोक ताऱ्यांच्या मधल्या काळोखात जाळे टाकून फिरणारे आहेत, व्हॉयेजर त्यांच्या जाळ्यात आले. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढायला जो हात लावतो त्याला वाटा मिळतो, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. पावणा म्हणजे पकडलेल्या मासळीचा वाटा पोचवायला आलेला रापणकर आहे, हे मासेवाल्या मावशीच्या सर्वांत आधी लक्षात येते. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत दुसऱ्या नावाने कथा पाठवून पहिले पारितोषिक मिळवले, तेव्हापासून मराठी विज्ञानकथा पुष्कळ वाढली. पण रंगभूमीवर ती क्वचितच आली आणि किनाऱ्याच्या चालीरीतींतून तिचे कोडे सुटलेले तर मी प्रथमच पाहिले.

आता संगीताविषयी, कारण हे नाटक उभे राहते ते गाण्यांवर आणि अडखळते तेही गाण्यांवरच. आरंभी गण आहे, परंपरेला धरून, फक्त त्यात विघ्नहर्त्याला बाहेरून येणाऱ्यांचीही वाट मोकळी करायला सांगितले आहे. रापणीचे गाणे रस्सी ओढण्याच्या लयीत बांधले आहे, दोन टोकांना तीन-तीन माणसे आणि मध्ये रिकामा रंगमंच; जाळे नाही, दोरी नाही, पण सहा जणांचे पाय एकाच वेळी वाळूत रुततात तेव्हा दोरी दिसू लागते. सर्वांत लोभसवाणा प्रसंग मासेबाजाराचा आहे. मावशी बांगड्यांचा दर सांगते, “शंभराक पाच.” पावणा आपले एकमेव वाक्य म्हणतो, साध्या पठणासारखे. मावशी सहा देते. तो तेच वाक्य किंचित आर्जवाने, स्वरात घोळवून म्हणतो, मावशी सात देते. मग तो ते ठुमरीच्या अंगाने म्हणतो, मग आरतीच्या चालीवर, मग अंगाईसारखे, आणि दर वेळी टोपलीतून एकेक बांगडा निघत जातो. शेवटी मावशी डोळ्याला पदर लावून सगळी टोपलीच त्याच्यापुढे सारते. एकच वाक्य, एकही शब्द न बदलता, सात-आठ भावांत गाणे ही साधी गोष्ट नाही. पावण्याचे काम करणाऱ्या नटाचा आवाज मोठा नाही, तार सप्तकात तो ओढला जातो, पण त्याला शब्दाची जागा नेमकी सापडते आणि त्याचा चेहरा काळ्या बुरख्याआड असल्यामुळे सारा अभिनय त्याला मानेने आणि हातांनी करावा लागतो, तो त्याने कमालीचा केला आहे.

पेटी, पखवाज आणि झांज असे साथीला तिघे जण रंगमंचाच्या उजव्या अंगाला बसतात आणि गरज पडली की उठून भूमिकाही करतात. असे असताना उत्तरार्धातील दोन गाण्यांना लॅपटॉपवरून वाजवलेली ध्वनिमुद्रित साथ का दिली असावी, हे मला समजले नाही. कदाचित परग्रहाचे संगीत आधुनिक वाटावे हा हेतू असेल. प्रत्यक्षात त्या मुद्रित तालाने नटांना बांधून टाकले. प्रेक्षक हसले तर थांबता येत नाही, टाळी पडली तर ओळ पुन्हा घेता येत नाही. पहिल्या प्रयोगात तर गाणारे एका आवर्तनाने मागे राहिले आणि शेवटपर्यंत तालाला गाठू शकले नाहीत. ज्या मंडळींनी यानासाठी इरल्यावर विश्वास टाकला त्यांनी गाण्यासाठी पखवाजावर टाकू नये, हे मनाला लागते. गळ्यात अडकवलेल्या माईकचेही तेच. दीडशे माणसांच्या सभागृहात त्यांची गरज नव्हती, अंगरख्यावर घासून ते खरखरत होते आणि दोन वेळा कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या मंडळींनी प्रयोगापूर्वी एकदाही ती तपासून दिली नव्हती, असे मला मध्यंतरात कळले.

उत्तरार्धात आणखी एक दोष आहे. पावण्याच्या आगमनाचा पंचनामा करायला कचेरीतून माणूस येतो आणि त्याच्यावर जवळजवळ पंधरा मिनिटांचे एक गाणे आहे. कोणते कागद जोडा, कोणाची सही आणा, राहण्याचा पुरावा दाखवा, हे सारे विनोद आपण पुष्कळ नाटकांत ऐकलेले आहेत आणि येथे ते पावण्याची गोष्ट पुढे नेत नाहीत. हे गाणे अर्ध्यावर आणले आणि वाचलेला वेळ विज्ञानाच्या बाईंना दिला तर नाटक कितीतरी भक्कम होईल. पूर्वार्धात बाई केवळ दोनदा दिसतात, तबकडी ओळखणारी गावातली एकमेव व्यक्ती त्या आहेत आणि शेवट त्यांच्याच गळ्यावर उभा आहे, त्यामुळे त्यांची ओळख आधी नीट व्हायला हवी.

दुसरा प्रयोग पाहायला मी मुद्दाम गेले, कारण मला शेवट पुन्हा ऐकायचा होता. त्या रात्री मांडवात वीज गेली. पंचनाम्याच्या गाण्याच्या मध्यावर सगळे बंद पडले, दिवे, माईक आणि लॅपटॉपही. मंडळी दोन मिनिटे घुटमळली, मग गावकऱ्यांनी दोन कंदील आणि मोटारसायकलचे दिवे लावले आणि पुढचे नाटक पेटी-पखवाजावर झाले. पंचनाम्याचे राहिलेले गाणे अर्थातच गाळले गेले. मुद्रित साथीऐवजी पखवाजवाल्याने धरलेला ठेका नटांच्या पायांबरोबर वाढत-घटत गेला, विनोदाला हवी तेवढी जागा मिळाली आणि मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचले. मला या नाटकाबद्दल जे म्हणायचे आहे ते त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे घडले, म्हणून मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी वीज असतानाही असाच प्रयोग करावा.

शेवट असा आहे. बाई पावण्याला सांगतात की तो ज्यांना शोधतो आहे त्या केसरबाई आता नाहीत. व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला, अवघ्या ११ दिवसांनी. बाई हे फळ्यावर लिहितात, एका खाली एक दोन तारखा, आणि खालची वजा करून ११ हा आकडा मांडतात. पावण्याला आपले आकडे आतापर्यंत कळू लागले आहेत. तो फळ्याजवळ जातो आणि आपले वाक्य म्हणायला हात जोडतो, पण वाक्य म्हणत नाही. मैफलीचा आणि संगीत नाटकाचा शेवट भैरवीने व्हावा ही आपली रीत, त्यामुळे पुढे काय येणार हे प्रेक्षकांना ठाऊक असते, तरी बाईंनी पहिला स्वर लावला तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली. त्या केसरबाईंची नक्कल करीत नाहीत, तसा प्रयत्न झाला असता तर तो फसला असता. शाळेतल्या बाई जशा गातील तशाच त्या गातात, थोड्या संकोचाने, तान न घेता, कोमल ऋषभावर जरा अधिक रेंगाळत. पावणा तबक बाकड्यावर ठेवतो आणि इरल्यात जाऊन बसतो.

प्रयोग एक तास पन्नास मिनिटांचा आहे, मध्यंतर दहा मिनिटांचे. वेंगुर्ल्यास तिकीट शंभर रुपये होते, वाडीतील प्रयोग गावाने बोलावलेला असल्यामुळे सर्वांना खुला होता. पाच-सहा वर्षांच्या मुलांना खुशाल न्यावे, संकासुराच्या प्रवेशाला ती दचकतील आणि नंतर त्याच्याच मागे धावतील. ज्या गावांना प्रयोग बोलवायचा असेल त्यांनी मंडळींना मोठा रंगमंच देण्याची खटपट करू नये. देवळासमोरची सपाट जागा, प्रेक्षकांना जमिनीवर बसायला ताडपत्री आणि एक मजबूत बाकडे पुरे; बाकड्याचे चारही पाय मात्र सारखे असावेत, कारण रापणीच्या गाण्यात त्याच्यावर एका वेळी तीन माणसे उभी राहतात आणि आचऱ्याकडच्या प्रयोगात एका पायाखाली ऐनवेळी नारळाची करवंटी सरकवावी लागली होती.